सेवा करायची आहे, माणसं पाठवा

राळेगावात सेवाभावी क्लबाचं सदस्यत्व कुणी घेत नाही, ते अंगावर येतं. नवा क्लब काढायचा तर निदान वीस सभासद लागतात, असा वरचा नियम. डॉक्टर, वकील, कृषी केंद्रवाले, जिनिंगवाले, पेट्रोल पंपवाले, मेडिकलवाले, प्राचार्य, बँकेचे मॅनेजर अशी मोजदाद करत गेलं की आकडा सतरा-अठरापर्यंत पोचतो आणि तिथं अडकतो. मग संस्थापकांची नजर गावावरून फिरू लागते. ज्याच्याकडे इस्त्रीचा पांढरा शर्ट आहे, ज्याची उधारी गावभर झालेली नाही आणि ज्याला संध्याकाळी जायला दुसरी जागा नाही, असा माणूस हेरला जातो. माझी निवड मात्र निव्वळ गुणवत्तेवर झाली. माझा फ्लेक्स छपाईचा धंदा आहे.

"भाऊ, तुमाले तं मेंबर व्हाच लागते," संस्थापक अध्यक्ष दुकानात येऊन म्हणाले. "आपल्या क्लबाचे बॅनर बाहेरच्यानं छापनं बरं दिसते का?"

समाजसेवेत मी आलो तो या दारानं.

आमचा क्लब चाकवाला की सिंहवाला, हे मी सांगणार नाही. आसपासच्या तालुक्यांतल्या दोन्ही पंथांचे बॅनर माझ्या मशीनवर निघतात, आणि धंद्यात माणसानं बाजू घेऊ नये. बाहेरच्याला फरक दिसतो तो एवढाच की चाकवाल्यांच्या नावाआधी 'रो.' लागतं आणि सिंहवाल्यांच्या 'ला.'. आमच्या तालुक्यात हे 'ला.' मध्यंतरी फार जड झालं होतं. टी-वन वाघीण फिरत होती तेव्हाची गोष्ट. माणसं गेली होती, लोक उन्हं कलायच्या आत वावरातून घरी येत. नोव्हेंबर २०१८ मध्ये बोराटीच्या जंगलात ती मारली गेली, तोवर भले भले लायन मीटिंग उजेडी उरकून घर गाठायचे, आणि स्वतःची ओळख करून देताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

या सगळ्याचं मूळ शिकागोत आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस नावाचा वकील तिघांना घेऊन बसला: एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक कपडे शिवणारा व्यापारी. पाळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत भेटायचं ठरलं आणि त्यावरून रोटरी हे नाव पडलं. बारा वर्षांनी, १९१७ साली, त्याच शहरातल्या मेल्विन जोन्स या विम्याच्या धंद्यातल्या माणसानं लायन्स उभी केली. म्हणजे विमा एजंट या क्षेत्रात अगदी पहिल्यापासून आहेत. आमच्या क्लबात तिघं आहेत.

तिघं आहेत ही तशी अडचणच. कारण चाकवाल्यांचा मूळ नियम असा की एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा. शिकागोत हे जमलं असेल. राळेगावच्या मेन रोडवर दर दोन दुकानांआड कृषी केंद्र आहे. एकाला घेतलं की उरलेले रुसणार, आणि सगळ्यांना वगळलं की क्लब चालवायला पैसाच नाही. शेवटी तालुक्याला शोभेल असा तोडगा निघाला. पहिल्याचा धंदा 'बियाणे' लिहिला, दुसऱ्याचा 'खते', तिसऱ्याचा 'कीटकनाशके' आणि चौथ्याचा 'फवारणी पंप'. तिन्ही विमा एजंट अनुक्रमे जीवन, वाहन आणि पीक या वर्गांत गेले. पीक विमावाल्याला जाहीर कार्यक्रमात माइक द्यायचा नाही, असा एक तोंडी ठराव मात्र त्याच बैठकीत झाला. समोर कास्तकार बसलेले असतात.

आता त्याच फेब्रुवारी १९०५ मधली दुसरी गोष्ट. हॅरिससाहेब शिकागोत मित्र जमवत होते, त्याच महिन्याच्या १ तारखेला इकडे वऱ्हाडात डेबूजी झिंगराजी जानोरकर नावाचा तरुण घरदार सोडून निघाला होता. हातात झाडू आणि फुटकं गाडगं. पुढे जग त्यांना गाडगेबाबा म्हणू लागलं. त्यांचा जन्मही २३ फेब्रुवारीचाच, १८७६ चा. त्यामुळे दरवर्षी त्या दिवशी माझ्या मशीनवरून दोन बॅनर लागोपाठ निघतात: एक बाबांच्या जयंतीचा, एक रोटरीच्या वर्धापनदिनाचा. एका ठिकाणी झाडू फिरतो, दुसऱ्या ठिकाणी केक कापला जातो. बाबा गावात आले की आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तन करायचे. कुणी पाया पडायला वाकलं तर रागवायचे. आमच्याकडे आधी हार, मग शाल, मग श्रीफळ, मग प्रास्ताविक, आणि वेळ उरला तर सेवा.

खरं सांगायचं तर सेवेच्या बाबतीत आम्ही फार वाईट शेजारात राहतो. वर्धा नदी ओलांडली की हिंगणघाट, बाबा आमट्यांचं जन्मगाव. त्यांनी १९४९ साली वरोऱ्याला आनंदवन काढलं. दुसऱ्या अंगाला सेवाग्राम, जिथं गांधीजी १९३६ साली राहायला आले. त्याच्या शेजारी विनोबांचं पवनार. पलीकडे मोझरीला तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज. मुंबईत कुणी पन्नास ब्लँकेटं वाटली तर तो दानशूर ठरतो. इथं अर्ध्या दिवसाच्या एसटी प्रवासात कुणी ना कुणी आख्खं आयुष्य वाटलेलं असतं. अशा मुलखात 'निःस्वार्थ सेवेची परंपरा' असं वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर छापताना मशीनसुद्धा जरा थांबून घेतं.

त्यात गावोगावी गुरुदेव सेवा मंडळं आहेत. भगवी टोपी, खंजिरी, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. वर्गणीचा बोभाटा नाही, पदग्रहण नाही, जेवणही नाही. त्यांची ग्रामसफाई पहाटे होते. आमची स्वच्छता मोहीम सकाळी दहाला, कारण फोटोला उजेड लागतो. आम्ही नव्या झाडूंचे कागद काढून उभे राहतो तोवर मंडळाचे म्हातारे चौक लख्ख करून वावरात गेलेले असतात. एकदा आम्हाला पानठेल्यामागचा कचरा घमेल्यानं वाहून आणून चौकात पसरवावा लागला. पानठेलेवाल्यानं चार घमेली हसतमुखानं दिली, वर विचारलं, "अजून लागते का जी? अंदर हाय."

क्लबात आल्यावर पहिली टंचाई मला जाणवली ती ही. पैसे कमी पडत नाहीत, उत्साह तर जुलै महिन्यात उतू जातो. कमी पडतो तो कचरा, खड्डा आणि गरीब माणूस, आणि तोही बॅनरवर छापलेल्या वेळी.

जुलै यासाठी म्हणालो की क्लबाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. शिकागोत जुलैमध्ये लोक काय करतात मला ठाऊक नाही, आमच्याकडे पेरणी करतात. पाऊस आला तर पेरणी, दडी मारली तर दुबार पेरणी, आणि दोन्ही वेळा कृषी केंद्रासमोर रांग. नेमका त्याच आठवड्यात 'बियाणे' वर्गाचा सभासद अध्यक्ष म्हणून गळ्यात कॉलर घालून मंचावर बसलेला असतो, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतो, "भाऊ, पोराले सांगून द्या ना दोन बॅगा द्याले!" कॉलर म्हणजे गळ्यात घालायचा रुंद पट्टा. त्यावर माजी अध्यक्षांची नावं कोरलेल्या पितळी पट्ट्या असतात. दर साली एक पट्टी वाढते. या हिशेबानं आणखी काही वर्षांनी अध्यक्षाला मान वर करता येणार नाही आणि त्याची सर्वत्र नम्र म्हणून ख्याती होईल.

पदग्रहणानंतर गव्हर्नरांची भेट. हे गव्हर्नर क्लबांच्या प्रांताचे असतात, एक वर्षापुरते. पण 'गव्हर्नर येत आहेत' असं पत्र गावात फिरलं की ठाणेदारसाहेबांचा माणूस बंदोबस्ताचं विचारायला येतो आणि नगरपंचायत रातोरात रस्त्यावर मुरूम टाकते. त्या मुरमाचा खर्च जमेस धरला तर राळेगावात क्लबानं केलेलं सर्वांत टिकाऊ काम तेच आहे.

मीटिंगा नियमित होतात. हजेरी अजेंड्यावर ठरत नाही, स्वयंपाकावर ठरते. जेवणाला क्लबात फेलोशिप म्हणतात. आलूबोंडा-तर्री असेल तर नऊ जण, कुणाच्या वावरात रोडगे आणि वांग्याची भाजी असेल तर सहकुटुंब पूर्ण क्लब. चाकवाल्यांत जुनी सोय अशी की चुकलेली मीटिंग दुसऱ्या गावच्या क्लबात बसून भरून काढता येते. हिंगणघाटला रोडगे आहेत असं कळलं की राळेगावची मीटिंग कर्तव्यभावनेनं चुकवणारे लोक मी पाहिलेले आहेत. सिंहवाल्यांकडे तर दंड गोळा करणारा स्वतंत्र पदाधिकारी असतो, त्याचं अधिकृत नाव टेल ट्विस्टर, म्हणजे शेपूट पिळणारा. हे पद अमेरिकेतून आलेलं आहे. आमच्याकडे ते काम आजवर बंडीवाले करत होते आणि त्यांना बॅज मिळत नव्हता.

चाकवाल्यांची चार प्रश्नांची एक कसोटीही आहे. भांड्यांची बुडती कंपनी सावरणाऱ्या हर्बर्ट टेलरनं ती १९३२ साली तयार केली. आपण बोलतो ते खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, त्यानं मैत्री वाढेल का, सगळ्यांचं भलं होईल का, असा तिचा रोख. एका जिनिंगवाल्या सभासदानं ती माझ्याकडून सोनेरी अक्षरांत छापून घेतली आणि कार्यालयात लावली. जागा मी जाऊन पाहिली. कापसाच्या वजनकाट्याकडे तिची पाठ आहे.

बायकोला मी सांगितलं की चाकवाल्यांच्या बायकांना अ‍ॅन म्हणतात आणि मुलांना अ‍ॅनेट. ती बचत गटाचं रजिस्टर लिहीत होती. तिच्या गटात दर आठवड्याला पैसे जमतात, कर्ज दिलं जातं, परतफेड होते, उशीर झाला तर दंड लागतो आणि हे सगळं अर्ध्या तासात, चहाशिवाय. ती म्हणाली, "नाव काही ठेवा, पण तुमचं मागच्या वर्षीचं बॅनरचं बिल निघालं का?" मी विषय बदलला.

बॅनरवरून आठवलं. मान-सन्मान ही मोघम गोष्ट आहे असं लोकांना वाटतं. माझ्या धंद्यात तो इंचात मोजता येतो. दहा बाय आठच्या फ्लेक्सवर विद्यमान अध्यक्षाचा चेहरा अठरा इंच. संस्थापक अध्यक्षाचाही अठरा, नाही तर ते कार्यक्रमाला येत नाहीत. सचिव आणि कोषाध्यक्ष बारा-बारा. प्रकल्पप्रमुख नऊ. माजी अध्यक्ष एका ओळीत सहा-सहा, आणि त्यांतला कुणी एक हजार डॉलर भरून फेलो झाला असेल तर त्याला दीड इंच वाढवून. (डॉलरचा भाव आणि कापसाचा भाव सकाळी एकाच वेळी पाहणारे लोक राळेगावात आहेत, ते हेच.) या सगळ्यांना बसवून खाली उजव्या कोपऱ्यात जी दोन इंच जागा उरते, तिथं लाभार्थी येतो. बहुतेक वेळा पाठमोरा.

पण या दोन इंचांवर उरलेला सगळा फ्लेक्स उभा असतो, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं.

वह्यावाटप घ्या. सचिव शाळेत फोन करतात, "सर, शनिवारी सेवा करायची आहे, वीस मुलं पाठवा." हेडमास्तर अनुभवी. ते विचारतात, "गरीब पाहिजेत, की गरीब व होतकरू?" बॅनरवर दोन्ही छापलेलं असतं, म्हणून दोन्ही मागवले जातात. "मग सोमवारी ठेवा," हेडमास्तर म्हणतात, "होतकरूंपैकी सहा जण शनिवारी वेचणीला जातात." सोमवारी मुलं ओळीत येतात. त्यांतला सहावीतला एक पोरगा मी सलग पाहत आलो. वही दोन्ही हातांनी घ्यायची, मान थोडी कॅमेऱ्याकडे करायची, फोटो निघेपर्यंत वही सोडायची नाही आणि ओढायचीही नाही, हे त्याला पाठ आहे. गेल्या खेपेला नवे अध्यक्ष गोंधळून भलतीकडे पाहत होते. पोरगा हळूच म्हणाला, "काका, तिकडे नाही, इकडे पाहा. आणि हसा." सेवा कोण कुणाची करत होतं?

वृक्षारोपणाचंही तेच. एका शाळेमागे आमचा ठरलेला खड्डा आहे. तिथला चपराशी तो वर्षभर बुजू देत नाही. पावसात गाळ भरला तर उपसतो, बकऱ्या बसल्या तर हाकलतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही आणि कुणी पैसेही देत नाहीत. जुलैत साहेब लोक येतील, त्यांच्या बुटांना चिखल लागू नये, एवढीच त्याची इच्छा. झाड त्या खड्ड्यात लागलेलं नाही, पण इतकी निगराणी झाडांच्या नशिबी तरी कुठं असते?

डिसेंबरात ब्लँकेटवाटप. तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. एका पोडावर आम्ही अकरा वाजता पोचणार होतो, एक वाजता पोचलो, कारण प्रमुख पाहुण्यांची गाडी वडकीला हायवेवर अडकली होती. सगळं पोड सकाळपासून बसून होतं. तेव्हा कापसाची वेचणी जोरात होती. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, दिवस बुडाला की किलो बुडाले. भाषणं चालू असताना मी पाठीमागे एका म्हाताऱ्याजवळ बसलो आणि आम्ही दोघांनी हिशेब केला. त्या घरातली तिघं माणसं त्या दिवशी वेचायला गेली असती तर आमच्या ब्लँकेटापेक्षा जाड ब्लँकेट बाजारातून आलं असतं आणि वर मीठ-मिरचीचे पैसे उरले असते.

"मंग बसले काऊन?" मी विचारलं.

"एवढ्या दुरून येऊन राह्यले ना जी तुमी," म्हातारा म्हणाला. "पोडात कोणीच नसतं दिसलं तं तुमाले कसं वाटलं असतं?"

या सगळ्याचा उलगडा मला रावेरीत झाला. राळेगावपासून रावेरी जवळच. तिथं सीतेचं मंदिर आहे आणि त्यात राम नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्याचा जीर्णोद्धार घडवून आणला. कथा अशी सांगतात की रामानं टाकलेली सीता इथं आली, लवकुश इथं जन्मले. बाळंतिणीनं गावात मूठभर गहू मागितला आणि गावानं तो दिला नाही. तिनं शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. पुढे संकरित गहू आला तोवर तो पिकलाही नाही, असं जुने लोक सांगतात.

त्रेतायुगात रावेरीला आमचा क्लब असता तर हा शाप टळला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सीता सोमवारी आली असती, मीटिंग शुक्रवारी असती, पण विषय पत्रिकेवर आला असता. मूठभर कशाला, पाच-पाच किलोच्या पिशव्या मंजूर झाल्या असत्या, पिशवीवर बोधचिन्ह. 'परित्यक्ता मातांना धान्यवाटप' असा बॅनर मी रात्री जागून काढला असता. माता बहुवचनी, म्हणून वाल्मीकींच्या आश्रमातून आणखी चौघींना बोलावणं गेलं असतं. प्रमुख पाहुण्यांचा प्रश्नच नव्हता. लवकुशांनी बांधून ठेवलेला हनुमान गावातच होता, प्रवासखर्च वाचला असता. अडचण एकच आली असती. सीतामाई फोटोला उभी राहिली नसती. आणि मग शाप गव्हाऐवजी क्लबाला लागला असता.

म्हणजे दात्याला शापापासून वाचवायचं की नाही, हे घेणाऱ्याच्या हातात असतं. राळेगाव तालुक्यातला आजचा लाभार्थी मोठ्या मनाचा आहे. तो उभा राहतो.

ज्या कामात तो उभा राहिला नाही, ते काम मात्र पूर्ण झालं, ही गंमत आहे. चाकवाल्यांनी १९८५ साली पोलिओ हटवायचं मनावर घेतलं. जगभरातून पैसा उभा केला. आपल्याकडे सरकार, अंगणवाडी सेविका, पुढे आशाताई असं सगळं सैन्य कामाला लागलं. रविवारी बूथ लागायचे आणि क्लबवाले पाणी, चहा, गाडी बघायचे. तिथला लाभार्थी पाच वर्षांच्या आतला. तो कॅमेऱ्याकडे बघत नसे, भोकाड पसरत असे, आणि अध्यक्षांच्या सफारीवर थेंब उडवत असे. एकही फोटो छापण्याजोगा येत नव्हता. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी बंगालात हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्या यशाचे बॅनर मात्र गावोगाव लागले. माझा तो महिना चांगला गेला.

आणि डोळ्यांचं शिबिर. याचा वसा सिंहवाल्यांचा. १९२५ साली अमेरिकेत त्यांच्या अधिवेशनात हेलन केलर आल्या आणि अंधारात चाचपडणाऱ्यांसाठी उभे राहा, असं त्यांना सांगून गेल्या. तेव्हापासून डोळा हा त्यांचा हुकमी विषय, पण आता सगळेच शिबिरं घेतात. तपासणी राळेगावात, ज्यांचा मोतीबिंदू पिकला आहे त्यांना गाडीनं वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, शस्त्रक्रिया करून, काळा चष्मा लावून परत घरी सोडायचं. यात ढोंग फार करता येत नाही. माणूस जाताना धडपडतो आणि येताना गाडीच्या खिडकीतून पाट्या वाचतो.

पण शिबिराला माणसं जमवायची तर एका म्हातारीशिवाय आमचं पान हलत नाही. तिचं नाव सांगत नाही, गावात सगळे तिला माय म्हणतात. शिबिराची तारीख ठरली की आधी तिच्याकडे माणूस जातो. ती आसपासच्या वस्त्यांतून पंधरा-वीस जणींना गोळा करते, भीती घालवते, आधार कार्डं पदराला बांधून आणते, रांगेत बसवते, आणि उद्घाटनाची भाषणं लांबली तर पहिल्या रांगेतून टाळ्या सुरू करून ती संपवते. बऱ्याच वक्त्यांना अजून वाटतं की त्यांना दाद मिळाली.

तिच्या स्वतःच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू आमच्याच शिबिरात निघाला. दुसराही पिकलेला आहे. डॉक्टरांनी नाव लिहून घेतलं, गाडी आली, पण माय चढेना. मी विचारलं, "माय, दुसरा डोळा काऊन नाही करून घेत?"

तिनं मला बाजूला घेतलं. "बापू, सगळे डोळे एकाच अध्यक्षाले देऊन टाकले, तं पुढच्या सालच्याचं कसं होईन? थो बी आपल्याच गावचा पोरगा हाय."

पुढच्या साली होणारे अध्यक्ष, म्हणजे 'फवारणी पंप', हे ऐकून गहिवरले. कार्यकारिणीत मी ठराव मांडला की आपल्या क्लबाची खरी सेवा करणारी माणसं क्लबाबाहेर आहेत: तो सहावीतला पोरगा, खड्डेवाला चपराशी, पोडावरचा म्हातारा, कचरा पुरवणारा पानठेलेवाला आणि माय. त्यांना मानद सदस्य करून घ्यावं. चर्चा बरीच झाली. पीक विमावाल्यानं प्रथमच तोंड उघडून पाठिंबा दिला. वर्गीकरणाचा प्रश्न आला, तो 'लाभार्थी' असा एकच वर्ग करून सोडवायचा तर एकालाच घेता येईल, असं प्राचार्यांनी नियम काढून दाखवलं. जिनिंगवाल्यांनी विचारलं की हे सगळे आत आले तर सेवा कुणाची करायची? हा मुद्दा बिनतोड होता. ठराव पुढे ढकलण्यात आला. तडजोड म्हणून पुढच्या शिबिराच्या बॅनरवर मायचा फोटो, पाठमोरा नाही, समोरून, आणि दोन इंचांऐवजी बारा इंच घ्यावा असं ठरलं. सचिवांनी आपले बारा इंच राखून हे मान्य केलं.

फोटो काढायला मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. मी बॅनरचं सांगितलं, बारा इंचांचंही सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर नीट केला.

"आता काढून ठेव," ती म्हणाली. "पण छापजो दुसरा डोळा झाल्यावर. तुया मशीनीवर नाक नेहमी तिरपं येते म्हंतेत. मले नीट पाहून सांगा लागन."